परतीचा हुकूम : ‘तुघलक’च्या निमित्ताने

आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत ‘तुघलकी’ हा शब्द वर्षातून निदान चार-सहा वेळा तरी ऐकू येतो. वरून एखादे परिपत्रक येते, त्याच्या पाठोपाठ ते रद्द करणारे दुसरे येते, आणि कोणीतरी चहाचा कप खाली ठेवीत म्हणतो, “चाललाय तुघलकी कारभार!” बाकीचे हसतात, घंटा होते, हजेरीपट काखेत मारून सगळे आपापल्या वर्गावर जातात. हा शब्द आता इतका रुळला आहे, की त्यामागे एक हाडामांसाचा माणूस होऊन गेला, त्याने १३२५ ते १३५१ अशी सव्वीस वर्षे राज्य केले, आणि त्याच्यावर गिरीश कार्नाड यांनी लिहिलेले एक थोर नाटक आपल्या भाषेतही उपलब्ध आहे, याची आठवण बोलणाऱ्यालाही होत नसते आणि ऐकणाऱ्यालाही. मलाही ती एरवी झाली नसती. ती झाली २०२५ सालच्या उन्हाळ्यात, आणि तीही थोड्या अपमानाच्या वाटेने.

त्या वर्षी १६ एप्रिलला महाराष्ट्र शासनाचा एक निर्णय निघाला. मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून पाचवीपर्यंत हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य, असा त्याचा मतलब होता. मला तो पसंत नव्हता. सहा वर्षांच्या पोराला आधी मायबोलीची अक्षरे नीट गिरवू द्यावीत, असे माझे मत होते आणि आजही आहे. पण नोकर माणसाचे मत निराळे आणि काम निराळे. हेडमास्तरांनी नवे वेळापत्रक करायला सांगितले, ते मी दोन रात्री जागून केले. हात थोडाफार चित्रकलेत बसलेला असल्यामुळे पहिलीच्या मुलांसाठी हिंदी मुळाक्षरांचे सहा तक्तेही रंगवून टाकले. आमच्यातले एक वयस्क शिक्षक ही सारी लगबग मिस्किलपणे पाहत होते. त्यांनी परिपत्रक वाचले, वाचल्याची सही केली आणि त्याची घडी घालून टेबलाच्या खणात ठेवली. “घाई कशाला करता, सर? जरा मुरू द्या,” एवढेच ते म्हणाले.

२२ एप्रिलला ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती देत असल्याचे शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केले. १७ जूनला सुधारलेला निर्णय आला. त्यात हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा राहील असे म्हटले होते. दुसरी एखादी भाषा हवी असेल तर ती मागणारी मुले त्या इयत्तेत निदान वीस असावीत, अशी अट होती. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचे सांगण्यात आले. अडीच महिन्यांत इतकी वळणे! माझे वेळापत्रक बाद झाले. तक्ते सुतळी बांधून कपाटावर गेले. खणातल्या त्या घडीला मात्र काडीचाही धक्का लागला नव्हता.

आता यात गंमत अशी, की जे व्हावे असे मला वाटत होते तेच अखेर झाले होते. निर्णय चुकीचा होता, लोकांनी विरोध केला, सरकारने तो मागे घेतला. लोकशाहीत याहून अधिक काय हवे? तरीसुद्धा त्या संध्याकाळी घरी जाताना आपण कोणाच्या तरी हातून मूर्ख बनलो आहोत, ही रुखरुख काही केल्या जाईना. हवे ते मिळूनही माणसाला फसल्यासारखे का वाटावे? त्या रात्री मी कपाटातून ‘तुघलक’ काढले.

कार्नाडांनी हे नाटक कन्नडमध्ये लिहिले. ते १९६४ साली प्रसिद्ध झाले. मराठीत ते विजय तेंडुलकरांनी आणले आणि १९७१ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘आविष्कार’ने ते रंगमंचावर उभे केले. अरुण सरनाईक यांनी सुलतान रंगवला होता. हा प्रयोग माझ्या जन्माआधीचा. तेव्हा मी बोलतो आहे तो पुस्तकातल्या नाटकाबद्दल, हे आधीच सांगून टाकतो. आणखी एक कबुली : माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही. फारसी तवारिखांबद्दल मी जे काही लिहीन ते इतरांनी उलगडून सांगितल्यावरून. नाटक मात्र कोणाच्या मदतीवाचून वाचता येते.

या नाटकाविषयी सर्वत्र सांगितले जाते ते असे, की हे एका आदर्शवादी राजाच्या अपयशाचे नाटक आहे. नेहरूंच्या काळातल्या मोठ्या स्वप्नांचा जो चुराडा झाला, त्याचे हे रूपक आहे. नाटक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी मे महिन्यात नेहरू वारले, त्यामुळे हे म्हणणे अधिकच पटते. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण त्यामुळे झाले आहे असे, की आपले सगळे लक्ष सुलतानाच्या मनाकडे लागते. तो किती शहाणा, किती एकाकी, त्याची स्वप्ने केवढी, तो रात्री झोपत कसा नाही! थोर माणसाच्या निद्रानाशाबद्दल आपल्या समीक्षकांना फार जिव्हाळा असतो. ज्यांची झोप त्याने उडवली त्यांच्याकडे पाहायला मग सवड उरत नाही.

मी या खेपेला नाटक वाचले ते एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून : यात कोणकोणते हुकूम फिरवले जातात आणि फिरवल्यावर कोणाचे काय होते. नमाज बंद होतो आणि पाच वर्षांनी पुन्हा सुरू होतो. तांब्याची नाणी निघतात आणि परत घेतली जातात. राजधानी दौलताबादला जाते आणि शेवटी पुन्हा दिल्लीची भाषा सुरू होते. ही तीन वळणे सर्वांनाच ठाऊक असतात. पण चौथे एक आहे, ते सहज नजरेतून निसटते, आणि माझ्या मते नाटकाचे सारे मर्म त्यात आहे.

पहिला प्रवेश आठवा. काजीच्या दरबाराबाहेर लोक जमले आहेत. एका गरीब ब्राह्मणाने खुद्द सुलतानावर दावा लावला आहे : सरकारी अंमलदारांनी माझी जमीन बळकावली. काजी ब्राह्मणाच्या बाजूने निकाल देतो आणि सुलतान बाहेर येऊन सर्वांच्या देखत तो शिरावर घेतो. ब्राह्मणाला पाचशे दिनार मिळतात, वर सरकारी नोकरी. राजाने चूक कबूल केली! पण पुढच्याच वाक्यांत तो राजधानी हलवण्याचा मनसुबा जाहीर करतो. दिल्ली सरहद्दीच्या फार जवळ. दौलताबाद हे हिंदूंचे नगर, तिथे राजधानी नेली तर दोन्ही समाजांचे सख्य जुळेल, अशी त्याची कारणे. आणि तो बजावून सांगतो, की हे आमंत्रण आहे, आज्ञा नव्हे. ज्यांचा माझ्यावर भरवसा असेल त्यांनीच यावे.

आमंत्रण! सहाव्या प्रवेशात तो अमीरांना बोलावतो, त्यांची मनधरणी करतो, त्यांच्यापुढे गुडघे टेकायलाही तयार होतो. तांब्याच्या नाण्याची योजना सांगताना तर तो स्वतःच म्हणतो, की हा सगळा विश्वासाचा प्रश्न आहे. चीनमध्ये कागदाचे चलन चालते, कारण तिथल्या लोकांचा बादशहाच्या शिक्क्यावर विश्वास आहे. बोलणे अगदी रास्त आहे. पण ज्या वेळी तो हे बोलतो आहे त्याच वेळी पडद्याआड त्याने सैनिक दडवून ठेवले आहेत, कारण अमीर आपल्याला मारणार हे त्याला आधीच कळले आहे. नमाजाच्या वेळी त्यांचा कट फसतो, शिहाबुद्दीन मारला जातो, आणि त्याच रागाच्या भरात हुकूम सुटतो : पंधरा दिवसांच्या आत दिल्लीतला प्रत्येक जीव दौलताबादच्या वाटेला लागला पाहिजे. आमंत्रणाचे फर्मान झाले.

हे ते चौथे वळण. ज्याने पहिल्याच दिवशी सुलतानाचा शब्द खरा मानून, स्वखुशीने, बायकामुलांना समजावून, घर विकायला काढले असेल, त्याचे या क्षणी काय झाले असेल? त्याच्या खुशीला आता किंमत उरली नाही. जो भरवशाने निघाला आणि जो चाबकाने निघाला ते दोघे एकाच तांड्यात, एकाच धुळीतून चालणार. २०२५ साली ‘अनिवार्य’चे ‘सर्वसाधारणपणे’ झाले, म्हणजे शब्दाने उलटा प्रवास केला, एवढाच फरक. आणि दिल्लीत माणसे मेली, इथे सहा तक्ते वाया गेले, हाही फरक आहेच. मास्तराने आपल्या दुःखाला सुलतानशाही चढवू नये, एवढे मला कळते.

कार्नाडांची प्रतिभा कुठे दिसत असेल, तर अझीझमध्ये. पहिल्या प्रवेशात जिंकलेला तो गरीब ब्राह्मण मुळी ब्राह्मण नाहीच. तो अझीझ नावाचा धोबी आहे. सुलतानावर दावा लावता येतो असे जाहीर होताच त्याने जमीन गेलेला एक खरा ब्राह्मण गाठला, त्याचा हक्क विकत घेतला आणि त्याचा वेष पांघरून न्याय पदरात पाडून घेतला. राजाने जाहीरपणे चूक कबूल करण्याचा जो एकमेव सोहळा नाटकात आहे, तोच आतून असा पोखरलेला. पुढे प्रत्येक नव्या हुकुमाबरोबर अझीझचे नशीब उघडते. स्थलांतराचा हुकूम निघाला, तो वाटेवरच्या तळाचा अंमलदार झाला. एक बाई आजारी मूल घेऊन हकिमाकडे जाण्याची परवानगी मागते, तर हा तिच्याकडे पैसे मागतो. तांब्याचे नाणे निघाले, हा खोटी नाणी पाडू लागला. नमाज पुन्हा सुरू करण्यासाठी खलिफाच्या वंशजाला बोलावणे गेले, याने वाटेत त्या वंशजाला मारून त्याचाच अंगरखा चढवला. शेवटी सारे उघडकीला येते तेव्हा सुलतान त्याला शिक्षा करीत नाही. नोकरी देऊन दख्खनला पाठवतो. अनेकांना हा शेवट विक्षिप्त वाटतो. मला तो फार खरा वाटतो. या राज्यात सुलतानाचा प्रत्येक हुकूम गंभीरपणे वाचणारा, त्याचा अर्थ पुरता उमगलेला माणूस एकच आहे, आणि तो लुच्चा आहे. बरोबरीचा दुसरा कोणी सुलतानाला उरलेलाच नाही.

आता तांब्याच्या नाण्याकडे येऊ. इथे इतिहास नाटकाहून रंजक आहे. ही नाणी १३२९ ते १३३२ च्या सुमारास पाडली गेली. चांदीचा तुटवडा होता; तेव्हा पितळ-तांब्याच्या तुकड्यावर शिक्का मारून तो चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवायचा, असा विचार. विचार वेडगळ नव्हता. खिशातली नोट बाहेर काढून पाहा, आपण सगळे आज त्याच विचारावर जगतो. या नाण्यांवरचा मजकूर मोठा बोलका आहे. जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराचीच आज्ञा पाळतो, अशा अर्थाचे शब्द त्यांवर कोरलेले असत. ज्या नाण्याच्या अंगी मोल असते त्याला असला उपदेश करावा लागत नाही. चांदी बोलत नाही, तांब्याला बोलावे लागते.

पुढे काय झाले ते झियाउद्दीन बरनीने लिहून ठेवले आहे. घरोघर टांकसाळी झाल्या, नाण्याला दगडाचे मोल आले, परदेशी व्यापारी ते घेईनात. तेव्हा सुलतानाने योजना गुंडाळली आणि जाहीर केले, की तांबे आणा आणि खजिन्यातून चांदी घेऊन जा. लोकांनी गाड्या भरभरून नाणी आणली. तुघलकाबादेत त्यांचे डोंगर साचले. नाटकात हे ढीग सुलतान आपल्या लाडक्या गुलाबबागेत ओतायला लावतो. कार्नाडांची ही कल्पना अगदी जागच्या जागी बसली आहे.

या प्रसंगात लोक नेहमी वेडेपणा पाहतात. पण जरा थांबून विचार करावा. हा माणूस राजा होता. तांबे हातात घेतलेल्यांना ‘जा, बसा बोंबलत’ म्हणण्याची ताकद त्याच्यापाशी होती. ते न करता त्याने खऱ्याबरोबर खोट्या नाण्यालाही चांदी दिली, खजिना रिकामा करून शब्द पाळला. आजच्या किती सरकारांनी आपल्या चुकलेल्या योजनेची इतकी भरपाई केली असेल? आणि तरीही विश्वास परत आला नाही. तो का आला नाही, याचे उत्तर ‘लोक कृतघ्न असतात’ हे नव्हे. हिशेब करून पाहिला तर उत्तर सापडते. ज्याने पहिल्या दिवशी हुकूम मानला, धान्य किंवा कापड चांदीच्या भावाने देऊन तांबे घेतले, आणि भाव पडू लागला तसे पोटासाठी ते तांबे मातीमोलाने काढून टाकले, तो बुडाला. ज्याने मातीमोलाने घेऊन साठवले, किंवा घरामागे भट्टी लावून पाडले, त्याला खजिन्यातून खणखणीत चांदी मिळाली. सुलतानाने नुकसान भरून दिले खरे. पण ते भलत्याच घरी पोचले. हुकूम परत फिरतो तेव्हा त्याची किंमत तो मोडणारा भरीत नाही, तो ताबडतोब पाळणारा भरतो. माझी रुखरुख काय होती ते इथे आल्यावर मला कळले.

हे सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचे, म्हणून सोडून देण्याची सोय नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या. त्या निर्णयाचे बरेवाईट अर्थपंडितांनी पाहावे. मला त्यातले एक लहानसे पान आठवते. जुन्या नोटा भरायला ३० डिसेंबरपर्यंत मुदत आहे, घाई करू नका, असे पहिल्याच भाषणात सांगितले होते. नोटा बदलून घेण्याची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार हजार, मग दोन हजार झाली, आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वीच बदलून देणे थांबले. ते एक असो. १९ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेचे नवे परिपत्रक निघाले : पाच हजारांच्या वर रक्कम आता एकदाच भरता येईल, आणि इतके दिवस का भरली नाही याचे कारण सांगावे लागेल. म्हणजे ज्याने ‘घाई करू नका’ हे शब्द खरे मानले, रांगेत म्हाताऱ्याकोताऱ्यांना आधी जाऊ दिले, तोच आता जाबजबाबाला उभा! दोनच दिवसांनी, २१ डिसेंबरला, ज्यांची ओळखीची कागदपत्रे बँकेत पुरी होती अशा खातेदारांपुरती ती अट मागे घेतली गेली. मागे घेतली हे चांगलेच झाले. पण ते दोन दिवस ज्याच्या वाट्याला आले, तो पुढच्या वेळी ‘घाई करू नका’ ऐकले की धावत सुटेल. त्या नोटबंदीत जन्मलेली दोन हजाराची नोटही १९ मे २०२३ रोजी चलनातून परत घेत असल्याचे जाहीर झाले. कायद्याने ती बाद झालेली नसतानाही आमच्या गावातल्या दुकानदाराने दुसऱ्याच दिवशी ती घेण्याचे नाकारले. त्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

एवढे झाल्यावर नाटकातली मला जाणवलेली उणीव सांगतो. ती सांगताना थोडे बिचकायला होते, कारण नाटक फार मोठे आहे. कार्नाडांनी चोर दाखवला, राजा दाखवला, मुत्सद्दी दाखवला. पण भरवसा ठेवणारा साधा माणूस दाखवला नाही. पहिल्या प्रवेशातल्या जमावात एक तरुण सुलतानाची बाजू घेऊन म्हाताऱ्यांशी हुज्जत घालतो. त्याला नाव नाही, घर नाही. राजावर मनापासून विश्वास ठेवणारा रस्त्यावरचा माणूस म्हणजे एवढाच. पुढे त्याचे काय झाले? तो दौलताबादला आपल्या पायांनी गेला, की फरफटत नेला गेला? त्याने पहिले तांब्याचे नाणे हातात घेतले तेव्हा त्याच्या मनात काय होते? नाटककार पुन्हा त्याच्याकडे वळून पाहत नाही. पुढच्या जमावात भेटतात ते सगळे भुकेलेले, आधीच चिडलेले लोक. नमाज सुरू होणार म्हटल्यावर, ‘नमाज कसला, भाकरी द्या’ म्हणणारे. अविश्वास पुरता पिकलेला आपल्याला दिसतो. तो पिकताना दिसत नाही.

कोणी म्हणेल, तीन तासांच्या खेळात एवढे कुठून दाखवणार. ते कादंबरीचे काम. असेल. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे मला प्रत्येक नाटकात एक न लिहिलेली कादंबरी दिसते, हा माझा दोषच समजा. पण अझीझसाठी नाटककाराला भरपूर जागा सापडली आहे. तळावरच्या प्रवेशात देखील, फाशी दिलेल्यांच्या प्रेतांवर पहारा करणारा जो माणूस बायकोपोरांसह भेटतो, तो चार वाक्यांत असा काही उभा राहतो की अंगावर काटा येतो. अशीच चार वाक्ये एखाद्या वाण्याला देता आली असती. दिल्लीच्या बाजारात ज्याने पहिल्या दिवशी ‘सुलतानाचा शिक्का आहे ना, मग झाले’ म्हणून तांबे गल्ल्यात टाकले आणि मागे उभ्या असलेल्या बायकोची नजर चुकवली, असा एक वाणी. तो असता, तर सुलतानाच्या शोकांतिकेला दुसरे माप मिळाले असते. आज ती शोकांतिका सुलतान स्वतःच मोजतो आणि स्वतःच सांगतो. आणि तो इतके सुंदर बोलतो, की आपण त्याचे माप मान्य करून टाकतो.

आमच्या शाळेची सहल दर दोन-तीन वर्षांनी दौलताबादला जाते. अंधारीतून जाताना मुले मुद्दाम किंचाळतात, मेंढा तोफेवर हात फिरवतात, चांदमिनाराखाली डबे उघडतात. दर खेपेला कोणीतरी विचारतो, “सर, तो वेडा राजा इथेच आला होता ना?” मी हो म्हणतो. दिल्ली इथून हजार किलोमीटरांहून अधिक दूर. इब्न बतूता हा वाट चाळीस दिवसांची सांगतो आणि दोहो बाजूंनी झाडे लावलेली असल्यामुळे बागेतून चालल्यासारखे वाटते असेही सांगतो. त्यानेच ती गोष्टही सांगितली आहे : एका आंधळ्याला फरफटत नेले आणि दौलताबादला त्याचा नुसता पाय पोचला. ही गोष्ट इतिहासकार खरी मानीत नाहीत. सबंध दिल्ली रिकामी झाली नव्हती, प्रामुख्याने अमीर-उमराव, विद्वान आणि सूफी मंडळी हलवली गेली, असे ते म्हणतात. नाटकात मात्र सारे नगर उठते, आणि नाटकाच्या सोयीला ते ठीकच आहे.

पण जे आले त्यांच्यातल्या काहींच्या कबरी दौलताबादपासून थोड्याच अंतरावर खुलदाबादला आहेत, आणि त्या पाहिल्यावर मला नाटकातली ती रिकामी जागा फार जाणवते. अमीर हसन हा दिल्लीचा कवी तिथे आहे. सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब तिथे आहेत. सय्यद यूसुफ नावाचे एक गृहस्थ तिथे आहेत. ते १३३१ च्या सुमारास वारले. त्यांच्याबरोबर दिल्लीहून सहा-सात वर्षांचा मुलगा आला होता. बाप गेल्यावर, परतीची वाट मोकळी झाली तेव्हा, आई त्या मुलाला घेऊन पुन्हा दिल्लीला गेली. हाच मुलगा पुढे गेसूदराज म्हणून प्रसिद्ध झाला. तैमूर चालून आला तेव्हा म्हातारपणी दिल्ली सोडून तो पुन्हा दक्षिणेकडे वळला आणि गुलबर्ग्याला येऊन राहिला. १४२२ मध्ये तिथेच वारला. ज्या बापाने सुलतानाच्या हुकुमावरून घर हलवले तो इथेच मातीत राहिला, आणि ज्या आईला परतीचा हुकूम मिळाला ती एकटी परतली. परतीचा हुकूम सर्वांना पुरत नाही. शिवाय जे अंमलदार इथेच राहिले त्यांनी १३४७ साली ह्याच दौलताबादेत सुलतानाविरुद्ध आपला निराळा राजा केला आणि बहमनी राज्य सुरू झाले. तोपर्यंत सुलतानाचे हुकूम दख्खनमध्ये कोण कसे वाचीत असेल, याची कल्पना करावी.

नाटकात एका माणसाचा भरवसा मात्र शेवटपर्यंत दिसतो : बरनीचा. ज्याचा इतिहास आपण वर पाहिला तोच हा बरनी, नाटकात पात्र होऊन आला आहे. तो भित्रा आहे, भला आहे, आणि सुलतानावर त्याचे प्रेम आहे. खरा बरनी सतरा वर्षांहून अधिक काळ सुलतानाच्या बैठकीत होता, आणि पुढे हलाखीत दिवस काढताना, आपण तेव्हा तोंड उघडून खरे बोललो नाही, याची खंत त्याने लिहून ठेवली. नाटकाच्या अखेरीस तो आईच्या मृत्यूचे कारण सांगून रजा मागतो. भांडत नाही, दोष देत नाही, कट करीत नाही. रजा मागतो. सुलतानाच्या विरुद्ध नाटकात कितीतरी बंडे होतात, ती सारी तो मोडून काढतो. या रजेच्या अर्जापुढे त्याच्यापाशी काही उपाय नाही. मग तो सिंहासनावरच झोपी जातो. अजान होते, त्याने तो दचकून जागा होतो आणि आपण कुठे आहोत हे न समजल्यासारखा भोवताली पाहतो. तेंडुलकरांच्या मराठीत हा शेवट मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा माझे लक्ष सुलतानाकडे नव्हते. बरनी आता कोणत्या रस्त्याने जात असेल, इकडे होते.

दिवाळीच्या सुटीआधी आमच्याकडे एक नवे परिपत्रक आले. कशाचे ते महत्त्वाचे नाही. हेडमास्तर म्हणाले, “तुम्ही हौशी आहात, तुम्हीच घ्या मनावर.” मी ते वाचले, वाचल्याची सही केली आणि, “करू की, सर,” असे म्हणून घडी घालून खणात ठेवले. पलीकडच्या टेबलावरून आमचे वयस्क शिक्षक चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होते. ते काही बोलले नाहीत.